मंडळाची सुरुवात

वडिलांसाठी चाकाची खुर्ची मागायला मी गावातल्या सेवा मंडळात गेले होते. तिथल्या वयस्कर कुसुमताई ती पुसून देत होत्या. मी सहज विचारलं, "मंडळ सुरू कसं झालं हो?"

"तीसेक वर्षं झाली. आमच्या ह्यांचे पाय गेले होते. मुलीचं लग्न माडीच्या खिडकीतूनच बघणार होते. शेजारचे चौघे आले आणि ह्यांना खुर्चीसकट उचलून मांडवात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तेच परत दारात. म्हणाले, आता आणखी कुणाला न्यायचंय?"

मी बाहेर पाहिलं. कुण्या आजाऱ्यासाठी तिघं-चौघं तरुण लोखंडी पलंग टेम्पोत चढवत होते. त्या लग्नाच्या वेळी त्यांतला एकही जन्मलेला नव्हता. मी नुसती बघत उभी राहिले.