आखाड्यावरचे मटण आणि जेवणानंतरचा चहा

माणसाच्या शरीराला आणि जमिनीला अधिक मानवणारे अन्न कोणते, वनस्पतींचे की मांसाचे? शाळेत विज्ञान शिकवताना हा प्रश्न मी अनेकदा फळ्यावर लिहिला आणि दोन रकाने आखून सोडवलाही. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा मात्र ते रकाने पुरेनात.

तिच्या तपासणीत रक्त कमी निघाले. कळमनुरीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या आणि बजावले, "महिनाभरात फरक पडला नाही, तर बाळंतपण इथे करणार नाही. नांदेडला न्यावे लागेल, कदाचित रक्तही चढवावे लागेल." परतताना मी मनातल्या मनात पालेभाज्यांची नावे घोकत होते.

आमचे घर शाकाहारी आहे, असे मी सर्वांना सांगत असे. वस्तुस्थिती निराळी आहे. घरचे पुरुष मटण खातात. ते शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याच्या आवारात, तीन दगडांच्या चुलीवर शिजते. त्याची भांडीही तिथेच, गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असतात. उंबऱ्याच्या आत ते येत नाही, म्हणून बायकांच्या ताटातही येत नाही.

त्या रात्री जेवताना मी डाळ, हुलगे, चवळी, राजगिरा यांचे गुण सांगत होते. यजमान भाकरी मोडत म्हणाले, "मास्तरीणबाई, पोरीला रक्त पायजे, धडा न्हाई. मटण खाऊ द्या की तिला."

मांसासाठी पाणी आणि जमीन अधिक लागते, हे मी त्यांना समजावले.

"आपलं सोयाबीन कुठं जातं मग? तेल काढलं की पेंड कोंबड्यायला. पिकवून राहिलो आमी, खाती कोंबडी. तिच्याबद्दल बोलत असाल तर बराबर हाय. बकरी माळावरचा बाभळीचा पाला खाती. तिथं तुमचा हरभरा पेरून दाखवा."

शेडमधली कोंबडी आणि माळावरची बकरी मी आजवर एकाच रकान्यात लिहीत आले होते. तरी मी म्हटले, "सगळ्यांनी रोज बकरी खायची ठरवली, तर माळ उरेल का?"

"रोज कोण देऊन राहिलं?"

"तुमचं मिटेपर्यंत लेकरू शाळेत जाईल," लेक म्हणाली आणि तिने चहाचा कप उचलला.

आमच्याकडे जेवण झाले की चहा होतोच. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातले लोह शरीरात नीट शोषू देत नाही, हे मी वर्गात शिकवले आहे. तो कप मीच भरून दिला होता. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"आता चहाबी बंद व्हय?" लेकीने विचारले.

"बंद नाही. तासा-दोन तासांनी घे."

गोळ्यांच्या जोडीला मटणही देऊन पाहू, असे मी शेवटी कबूल केले आणि रविवारी आम्ही दोघी आखाड्यावर गेलो. तिथे जेवायला बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. लेक बाजेवर बसली. मी पुन्हा पुन्हा विचारत होते, "नीट शिजले आहे ना? कच्चे राहता कामा नये."

"तुमच्या रागापेक्षा जास्त शिजलंय," यजमान म्हणाले.

लेकीने खाल्ले, वर आणखी मागितले. मी मात्र भाकरी नुसती कुस्करत बसले. मी योग्य करते आहे की केवळ घाबरले आहे, हेच कळत नव्हते.

पुढे प्रत्येक रविवारी ती आखाड्यावर जेवली. घरी लोह नीट शोषले जावे म्हणून वरणावर लिंबू पिळले जाई, गोळ्या चालू होत्या, चहा उशिरा होई. रोज सकाळी उजेडात मी तिची खालची पापणी ओढून लाली पाहत असे. शेवटी ती वैतागली, "आई, मी तुझी प्रयोगशाळा न्हाई."

महिन्याने रक्त वाढलेले निघाले. बाळंतपण कळमनुरीतच होईल, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तसेच झाले. यजमानांच्या मते ही मटणाची करामत, माझ्या मते उशिरा घेतलेल्या चहाची आणि लिंबाची, डॉक्टरीणबाईंच्या मते गोळ्यांची. आम्ही सगळ्याच गोष्टी एकाच वेळी बदलल्या, त्यामुळे श्रेय कोणाचे हे सांगता येत नाही. असा प्रयोग एखाद्या विद्यार्थ्याने लिहून आणला असता, तर मी वही परत केली असती.

नात आता रांगते. तिच्या ताटात पुढे काय वाढायचे, हा वाद घरात अजून चालू आहे आणि माझे मन त्यातून निघत नाही. म्हणून वाचकांना विनंती एवढीच, की माझे म्हणणे उत्तर म्हणून घेऊ नका. आपल्या घरात कोणाच्या ताटात काय पडते, जेवणानंतर चहा केव्हा होतो, खाल्लेले जनावर कशावर वाढले, हे स्वतः पाहा. रक्त मात्र डॉक्टरांकडूनच तपासून घ्या.