डावीकडून येणारी तुकडी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मोजमापं तपासण्याचं काम करतो. घर घेताना वास्तू पाहिली नाही, मुलीच्या लग्नात पत्रिका पाहिली नाही. लोकांचे गूढ अनुभव मी वाचायचो ते चुका काढायला — वेळ जुळत नाही, अंतर जुळत नाही, वगैरे. आता माझाच लिहितोय. माझ्याकडे जेवढे आकडे आहेत तेवढे देतो. नावं बदललेली आहेत.

मिलिंद माझा बावीस वर्षांचा मित्र. फ्रीमाँटला टाउनहाउसमध्ये राहतो, माझ्या घरापासून गाडीने अकरा मिनिटं. आम्हा दोघांना एक वेड आहे. बोटाच्या पेराएवढे धातूचे सैनिक रंगवायचे आणि टेबलावर लढाई खेळायची. आमचा काळ रेनेसाँचा, सोळाव्या शतकातलं इटली. लांब भाले घेतलेल्या पायदळाचे चौकोन, बंदूकवाले, थोडे घोडेस्वार, चार-दोन तोफा. मी सांगतोय तो डाव आमचा आजवरचा सगळ्यात मोठा होता. गॅरेजमध्ये दोन पिंगपाँग टेबलं जोडली होती. त्याचे ६१२ सैनिक, माझे ५८७. मांडायलाच अख्खा शनिवार गेला.

यातला एक नियम सांगणं भाग आहे. डावाच्या आधी खेळाडू एका चिठ्ठीवर लिहून ठेवू शकतो की माझी अमुक तुकडी टेबलावर नाही, ती लांबून वळसा घालून डावीकडून किंवा उजवीकडून येणार आहे. मग चौथ्या फेरीपासून दर फेरीला तिच्यासाठी एक फासा टाकायचा. सहा पडला तर तुकडी आली. एक पडला तर ती वाट चुकली, डावातून बाद. बाकी काहीही पडलं तर थांबायचं. मिलिंदने शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास तशी चिठ्ठी लिहिली आणि एक तुकडी बुटांच्या खोक्यात बाजूला ठेवली.

त्याची मुलगी ईशा, वय चोवीस, त्याच दिवशी पहाटे एकटी सिएराच्या डोंगरात हाइकला गेली होती. रात्री आठपर्यंत फोन करणार होती. केला नाही.

रविवारी सकाळी सातला मी पोचलो तेव्हा तिची गाडी सापडली होती. ट्रेलच्या सुरुवातीला, पार्किंगमध्ये. ती नव्हती. स्मितावहिनी आणि त्यांचा भाऊ रात्रीच तिकडे गेले होते. मिलिंदची बायपास होऊन सात आठवडे झालेले — ड्राइव्ह बंद, उंचीवर जाणं बंद. शिवाय शेरीफच्या ऑफिसने सांगितलं होतं की एकाने घरी फोनजवळ थांबा. वहिनींनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "भावोजी, यांना एकटं सोडू नका. कशात तरी गुंतवून ठेवा."

तो कशात गुंतणार होता? सकाळी तीन तास तो स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर फिरत होता. छातीवर हात. चहा दोनदा केला, दोनदा गार झाला. शेवटी मीच म्हटलं की डाव सुरू करू. मला वाटलं तो चिडेल. तो सरळ गॅरेजमध्ये आला.

दहा वीसला सुरू केलं. मी नेहमीप्रमाणे वही उघडली — प्रत्येक फेरी, प्रत्येक फासा, शेजारी वेळ. यावरून तो मला कायम हेडमास्तर म्हणतो. त्या दिवशी म्हणाला, "लिही हेडमास्तर. आज काही सोडू नको."

चौथ्या फेरीला त्याने तुकडीसाठी फासा टाकला. तीन. मग पाच. मग दोन. फोन वाजत होता, पण नातेवाईकांचा. तो दोन शब्दांत ठेवून द्यायचा. सातव्या फेरीला चार पडल्यावर तो फाशाकडे बघत हळूच म्हणाला, "शऱ्या, हे आले ना, की ती येते."

मी म्हटलं, असलं काही बोलू नको.

"मी बोलत नाहीये. मला तसंच दिसतंय."

त्यानंतर तो डाव उरलाच नाही. माझ्या घोडेस्वारांनी त्याच्या तोफा घेतल्या, त्याला पत्ता नव्हता. तो फक्त आपल्या फाशाची वाट बघत होता. टाकायच्या आधी मूठ कपाळाला लावायचा. नऊ वेळा टाकला. ना एक पडला, ना सहा. असं होण्याची शक्यता शेकडा अडीचच्या आसपास. कमी, पण अशक्य नाही. हे मी त्याही वेळी मनात मोजलं... माझी सवय.

तेराव्या फेरीला त्याने फासा टाकला आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात फोन वाजला. फासा थांबायच्या आत तो आत पळाला.

एक पडला होता.

आतून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. वहिनींचा फोन. डोंगरावर ढग उतरले, हेलिकॉप्टर उडवता येत नाही, अंधार पडेपर्यंतच शोधतील. रात्री पारा गोठणबिंदूला जाणार, आणि तिच्या अंगावर एक पातळ जॅकेट. ही दुसरी रात्र. मग मिलिंदचा आवाज — तसा आवाज मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता — "अगं, मग मी काय करू? काय करू मी?"

मी हात पुढे केला आणि फासा फिरवला. सहा वर.

मी आयुष्यात कुठल्याही खेळात फसवलेलं नाही. ऑफिसात आकडा एका केसाने चुकला तरी माल परत पाठवणारा माणूस मी. पण तो बाहेर येऊन तो एक बघणार होता, आणि मला ते बघवलं नसतं.

तो आला. फासा बघितला. स्टुलावर बसला.

"कधी पडला?"

"तू टाकलास तेव्हाच."

त्याने खोकं उघडलं. अर्धे सैनिक त्याने मांडले, अर्धे मी. अठ्ठेचाळीस भालेवाले, पुढे एक ड्रमवाला, टेबलाच्या डाव्या कडेला. मी वहीत लिहिलं — फेरी १३, सहा, २:४०. गॅरेजमधलं घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं, हे मी नंतर तपासलं. म्हणजे खरी वेळ २:३८.

चार वाजून पाच मिनिटांनी वहिनींचा फोन आला. ईशा सापडली होती. गुडघा दुखावलेला, अंग गारठलेलं, पण जिवंत. मिलिंद जमिनीवरच बसला. मी त्याचा हात धरून नाडी मोजत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली. आम्ही सगळे बसलो होतो, तेव्हा तिने सांगितलं. वाट चुकून ती ओढ्याच्या कडेने खाली उतरत होती, पुढे कडा लागला. तिथेच बसून राहिली. झोप येत होती. फोनला सिग्नल नव्हता, बॅटरी वाचवायला ती तो बंद ठेवायची, अधूनमधून फक्त वेळ बघायला चालू करायची. तसा चालू केला आणि आवाज आला.

"इट वॉज अ ड्रम, काका. आणि पाय. खूप पाय, एकदम."

कुठून, मी विचारलं.

"डावीकडून. वरून. मी ओरडले, कोणी आन्सरच नाही केलं. मग मी क्रॉल करत त्यांच्या मागे गेले."

आणि वेळ? "टू फॉर्टी-वन. स्क्रीनवर तेच होतं."

डावीकडे चढ होता. तिथे जायचा तिचा विचारच नव्हता. तासाभराने तिला वरचा कच्चा रस्ता लागला आणि तिथे शोधपथकाची गाडी भेटली. त्यांच्याकडे शिट्ट्या होत्या, ड्रम नव्हता. त्या उतारावर त्यांचं कुणीही गेलेलं नव्हतं. मी स्वतः फोन करून विचारलं.

मी काय काय तपासलं ते सांगतो. थंडी, भूक, थकवा यांनी भास होतात. बापाचे सैनिक तिने लहानपणापासून पाहिलेत, त्यामुळे ड्रमचाच भास व्हावा हेही समजू शकतो. डावं की उजवं, हे निम्मं-निम्मं. माझी वेळ आणि तिची वेळ यांत तीन मिनिटांचा फरक आहे, तो मी लपवत नाही. पण ती चिठ्ठी ईशा गेल्यावर लिहिली होती, आणि कुठली तुकडी टेबलाबाहेर ठेवलीय हे मिलिंदशिवाय कुणालाच, अगदी मलाही, माहीत नव्हतं. हे सगळं वेगवेगळं धरलं तर पटतं. एकत्र धरलं की नाही पटत.

आणि माझा खरा प्रश्न तो नाहीच. सहा पडला असता तर मी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण सहा पडला नव्हता. पडला होता एक. मग ते भालेवाले कुणाच्या सांगण्यावरून निघाले? मी फासा फिरवला नसता तर...? हा विचार मी पूर्ण करू शकत नाही. मोजून बघितलं, पण यात मोजायला काही सापडत नाही.

मिलिंदला मी सांगितलेलं नाही. मराठीत तो वाचत नाही, वहिनी वाचतात. वाचलं तर वाचलं. तो फासा वहिनींनी त्यांच्या देवघरात ठेवलाय, सहा वर करून. रोज त्याला हळदकुंकू लावतात. मी गेलो की म्हणतात, भावोजी, नमस्कार करा. ईशा मागे उभी असते. मी हात जोडतो. कुणाला जोडतो, ते मला आजही माहीत नाही.