ऑनबोर्ड ग्राफिक्स आणि बाबांची बॅटिंग

सर्व संबंधितांना, म्हणजे ज्यांच्या घरी असेम्बल केलेला कॉम्प्युटर, गेम खेळायची हौस आणि बेताचा पगार या तिन्ही गोष्टी कधीकाळी एकत्र नांदल्या त्या सर्वांना, कळवण्यात येते की मदरबोर्डवरच्या आयत्या ग्राफिक्सवर गेम खेळता येतात की वेगळं कार्ड घ्यावंच लागतं, या गहन प्रश्नाचा निकाल माणिकपुरात, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, एका रविवारी सकाळी कायमचा लागलेला आहे. या निकालाविरुद्ध अपील नाही. ज्यांना टाळ्या वाजवायच्या असतील त्यांनी शेवटी वाजवाव्यात.

दोन हजार सालाच्या थोडी पुढची ही गोष्ट. मी तेव्हा पंचविशीचा, अंधेरीत एका ऑफिसात डेटा एण्ट्री करणारा आणि आमच्या बिल्डिंगमधला स्वयंघोषित कॉम्प्युटरतज्ज्ञ. हाताला चैन नसे. कॅबिनेटचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण मी कधी स्क्रू लावून बंद केलंच नाही, कारण दर दोन दिवसांनी ते पुन्हा उघडायचंच असे. फॅनवरची धूळ काढ, रॅम काढून खोडरबराने पूस, केबल इकडची तिकडे लाव. आई म्हणायची, "अरे, त्याला जरा जगू दे."

मशीन देताना दुकानदार म्हणाला होता, "ग्राफिक्स ऑनबोर्ड आहे. सगळं चालतं." ऑनबोर्ड म्हणजे चित्र काढायला वेगळा कारागीर नाही. मदरबोर्डच ते काम उरकतो आणि त्यासाठी लागणारी मेमरी रॅमकडून मागून घेतो. आमच्या १२८ एमबीतले बत्तीस असे वाटीभर साखरेसारखे शेजारी गेले ते कधी परत आले नाहीत. टायपिंगला, गाण्यांना, पत्त्यांच्या खेळाला काही अडत नव्हतं. पण स्टेशनबाहेरून मी क्रिकेटच्या गेमची सीडी आणली आणि मशीनचा जीव घशाशी आला. मी रिझोल्यूशन उतरवलं. सावल्या बंद केल्या. प्रेक्षक बंद केले. रिकाम्या स्टेडियममध्ये, चिखलासारख्या हिरव्या मैदानावर बॉलर धावत यायचा तो असा, की गुडघे दुखणारा माणूस जिना चढतोय. एक पाऊल. थांबला. दुसरं पाऊल. समालोचक आपलं बोलून मोकळा व्हायचा तरी बॅट अजून खाली यायचीच असे. मी तीन दिवसांत वैतागून गेम सोडला.

आणि चौथ्या दिवशी बाबा खुर्चीत बसले.

बाबा नुकतेच रिटायर झाले होते. पस्तीस वर्षं चर्चगेटच्या ऑफिसात जाऊन आलेला माणूस सकाळी सहाला उठून बूट घालून बसायचा, मग आठवण झाली की काढायचा. दिवसातून चार वेळा गच्चीवर जाऊन टाकीत किती पाणी आहे ते बघून यायचे आणि जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. टपालपेटी उघडायचे. फ्रिज उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे. आई एकदा म्हणाली, "अहो, त्यात नवीन काही आलेलं नाही. मीच ठेवते ना सगळं." मी कॉम्प्युटरशी जे करत होतो तेच ते अख्ख्या घराशी करत होते. एका फ्लॅटमध्ये अशी दोन माणसं म्हणजे आईची शिक्षा होती.

त्या गेमसमोर मात्र बाबा स्वस्थ बसले. चष्मा सारखा केला. बॉलर एकेक पायरी चढत आला, बॉल सुटला, हवेत तरंगला. बाबांनी चहाचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि सावकाश बोटाने बटण दाबलं. चौकार.

महिन्याभरात बाबा अशक्य फलंदाज झाले. शतकाखाली बोलत नसत. बूट घालून बसणं थांबलं, टाकीत पाणी किती ते सोसायटीला कळेनासं झालं. दुपारी वीज जायची त्या वेळा त्यांनी वहीत लिहून ठेवल्या होत्या, म्हणजे डाव अर्ध्यात राहू नये. रोज सकाळी चर्चमधून मिस्सा आटोपून मास्तर यायचे. मास्तर म्हणजे जवळच्या गावातले रिटायर शिक्षक, घरची केळीची वाडी, खिशात कागदात गुंडाळलेली सुकेळी. ते मागे स्टुलावर बसून शेरे मारायचे.

"साहेब, शाळेत असतात तर तुम्हाला मी पट्टी मारली असती. पाय हलत नाही तुमचा."

"मास्तर, पाय कीबोर्डवर कुठे असतो?"

"म्हणून तर चाललंय!"

असं करता करता पैज लागली. रविवारी दहा वाजता, वीज जायच्या आत, बिल्डिंगमधल्या सगळ्या रिकाम्या मंडळींसमोर दोघांनी पाच पाच ओव्हर खेळायच्या. ज्याचे रन जास्त त्याला क्रिकेटमधलं कळतं हे दुसऱ्याने उभं राहून मान्य करायचं. बाबांनी कॅलेंडरवर त्या रविवारभोवती लाल पेनने गोल केला. रिटायर झाल्यापासून त्या कॅलेंडरवर त्यांनी केलेली ती पहिली खूण. मी ती पाहिली आणि माझ्या हाताला खाज सुटली.

मला वाटलं, एवढी मंडळी येणार आणि बघणार काय? ढकलगाडी! तज्ज्ञाच्या घरी! ऑफिसातल्या मित्राने नवीन कार्ड घेतलं होतं, त्याचं जुनं कपाटात पडून होतं. ते मागून आणलं. शनिवारी दुपारी आईबाबा विरारला एका वास्तुशांतीला गेले होते. झाकण तर उघडंच होतं. कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला, सावल्या चालू, प्रेक्षक चालू. काय सांगू! गवताची पाती दिसत होती. प्रेक्षकांच्या डोक्यावर टोप्या होत्या. बॉलर पळत आला आणि मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या. एक बॉल टाकून बघितला आणि बंद केलं. बाबांना सांगायचं नाही, उद्या सगळ्यांसमोर डोळे दिपले पाहिजेत, असं ठरवलं. खेळून बघायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. मला कुठे खेळायचं होतं?

रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सात-आठ मंडळी पलंगावर, खिडकीत, दारात. आई पोह्यांच्या बशा फिरवत होती. टॉस बाबांनी जिंकला. पडदा उजळला तसा खोलीतून "आहाहा!" असा आवाज आला आणि मी कोपऱ्यात उभा राहून तो अंगावर घेतला. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "आज चांगलंच दिसतंय रे," म्हणाले, आणि चहाचा कप उचलला.

कप ओठांपाशी पोचायच्या आत दांडी उडाली होती.

"तयार नव्हतो," बाबा म्हणाले. कप खाली ठेवला. दुसरा बॉल. बटण दाबलं तेव्हा बॉल विकेटकीपरच्या हातात होता. तिसऱ्याला पुन्हा दांडी. कोणीतरी हसलं. चौथ्या बॉलला बाबांनी आधीच बटण दाबलं, बॅट फिरली, बॉल मागून आला आणि तीच गत. दुसऱ्या ओव्हरमध्ये हसणं थांबलं, कारण ते आता हसण्यासारखं राहिलं नव्हतं. स्टेडियम ओरडत होतं आणि आमच्या खोलीत पोहे चावल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. चौथी ओव्हर संपायच्या आत अख्खी टीम तंबूत. रन तीन, तेही बाय.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग आपला उजवा हात पालथा करून बघितला, सुलटा करून बघितला. टपालपेटीत बघायचे तसंच. मास्तर पुढे झाले आणि शेरा मारण्याऐवजी हळूच म्हणाले, "राहू द्या साहेब. होतं असं. आपली वयं झाली." मास्तरांनी पट्टी मारली असती तर परवडलं असतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात बशी घेऊन उभी होती. ती बाबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग तिने नजर कॉम्प्युटरच्या उघड्या झाकणाकडे नेली आणि पुन्हा माझ्याकडे आणली.

"बाबा," मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही. काल मी आत एक कार्ड बसवलंय. त्याने गेम खरा जेवढा आहे तेवढ्या वेगाने चालतो. आपलं मशीन त्याला ओढता ओढता दमायचं, म्हणून सगळं सावकाश व्हायचं. एवढंच."

"म्हणजे इतके दिवस ते हळू होतं?"

"हो."

"आणि हा नेहमीचा वेग?"

"हो."

बाबांनी पुन्हा एकदा हात बघितला, या वेळी जरा वेगळ्या नजरेने. खांदे खाली आले. मग खुर्ची मागे सारून, पोह्यांच्या बशा दचकतील एवढ्या मोठ्याने ते ओरडले,

"मग काढ ते आत्ताच्या आत्ता! आधीचा बॉलर माझ्या वयाचा होता रे!"