भाचीचं पहिलं गिऱ्हाईक

बारावीची परीक्षा संपल्यावर माझी भाची बडा फुहारा बाजारातल्या आमच्या साडीच्या दुकानात कामाला आली. तिला टाइप वन डायबिटीस आहे, म्हणून ताईनं मला आधीच सगळं शिकवून ठेवलं होतं.

पहिल्याच दिवशी लग्नाच्या खरेदीला एक मोठं कुटुंब आलं. भाची हौसेनं साड्या उलगडून दाखवत होती. मध्येच थांबून तिनं बोट टोचून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, शुगर कमी होऊन राहिली."

मी तिला तिथंच गादीवर बसवून ज्यूस दिला. गिऱ्हाइकांना म्हटलं, "मैं दिखाती हूँ आपको."

नवरीची आजी म्हणाली, "नहीं जी, इसी बिटिया से देखेंगे. हमें कौन-सी जल्दी है!"

मग सगळ्यांसाठी चहा आला. थोड्या वेळानं भाचीनं पुन्हा शुगर तपासली आणि "आली वर!" म्हणून ओरडली, तर सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या. दोन बिस्किटं खाऊन ती उठली आणि एक केशरी साडी स्वतःच्याच खांद्यावर टाकून उभी राहिली. नवरीनं तीच घेतली.

संध्याकाळी ताईचा फोन आला, तेव्हा भाचीनं आधी साडीचं सांगितलं, शुगरचं मागून.