मामींच्या तांब्यावरचा आकडा

आमच्या मामांइतका हट्टी माणूस कुंभकोणम् ते तिरुनागेश्वरम् शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याला मामांनीच शिकवलेलं असणार. उभा जन्म कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवण्यात गेला. रोज सकाळी हॉटेलात दोन डिग्री कॉफी, म्हणजे इथली निखळ दुधाची फिल्टर कॉफी, मागवायच्या आणि दोन्ही पेले चवीला सारखे आहेत का ते ताडून पाहायचं, हा त्यांचा छंद. "तेंच घातलें तर तेंच यावें," हे त्यांचं तत्त्व. वेटर त्यांना पाहिलं की दुसऱ्या टेबलाकडे वळतो.

आमची मराठी घरं इथे मोजकी, पण प्रत्येकाचा पूर्वज म्हणे तंजावरच्या सिंहासनाला टेकूनच बसायचा. त्यामुळे नवरात्राच्या सामायिक जेवणासाठी दिलेल्या पितळी भांड्यांवर खुणेचे नंबर घालताना पहिला कोणाच्या घराचा, यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. मामांनी तोडगा काढला. घरातल्या बाईचं नाव जावा भाषेतल्या प्रोग्रामात घालायचं. अक्षरांवरून एक लांबलचक आकडा निघतो, त्याला हॅश म्हणतात. तोच भांड्यावर कोरायचा. पहिलं कोणी नाही, शेवटचं कोणी नाही! फक्त एका घराच्या आकड्याआधी उणे चिन्ह लागलं. "उणें म्हणजे कमी नव्हे, शून्याच्या पल्याड," असं मामा त्यांना समजावून आले. ते लोक दोन वर्षं जेवायला आले नाहीत.

मग बंगळूरहून सुट्टीला आलेली विदुषी, म्हणजे मी, अवतरले. मामांचा कॉम्प्युटर शेवटचे आचके देत होता, म्हणून सगळं पायथन या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहून दिलं. एकही आकडा जुळेना. वर प्रोग्राम पुन्हा चालवला की त्याच नावाचा तिसराच आकडा. पायथन तो सुरक्षेसाठी मुद्दाम बदलतो. मी ऐटीत म्हटलं, "त्यात काय मामा, भांडी पुन्हा कोरून घेऊ."

मामा आत जाऊन मामींचा तांब्या घेऊन आले. मामी गेल्या वर्षी गेल्या. सगळ्यांत आधी आकडा काढला होता तो त्यांच्या नावाचा, आणि कोरणाऱ्यापुढे त्या स्वतः बसल्या होत्या.

"हा पुसूं? जावांत ती आहे आणि पायथनांत नाहीं, असें होणार नाहीं पा!"

चार दिवस आम्ही जावाचीच कृती पायथनमध्ये हाताने लिहीत बसलो. एकतीसने गुणायचं, पुढचं अक्षर मिळवायचं. तरी जुळेना. आकडा ठेवायचं जावाचं माप ठरलेलं, भरलं की वरचं सांडतं. पायथनचं भांडं आपलं फुगतच जातं. प्रत्येक पायरीला वरचं ओतून टाकायचं, हे माझा डोसा थंडगार होईपर्यंत मामांनी मला समजावलं. मग राहिलं उणे चिन्ह; ते पायथनमध्ये येईना. "गेलें तें बरेंच झालें," असा त्या घरातून निरोप आला. मामांनी तेही परत आणलं.

शेवटी मामींचं नाव त्यांनी जावात घातलं, पायथनमध्ये घातलं, माझ्या फोनवर तीच कृती जावास्क्रिप्ट या तिसऱ्या भाषेत लिहून तिथेही घातलं. तिन्हीकडे एकच आकडा. तांब्यावरच्या कोरीव अंकांवरून बोट फिरवत मामांनी तो एकेक करून ताडून पाहिला.

"आली," ते म्हणाले.

मी काहीतरी खोचक बोलणार होते, ते तसंच सोडलं. आत जाऊन दोन पेले कॉफी केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. मामांनी एकच उचलला, दुसरा तांब्याजवळ सरकवला, आणि त्या दिवशी काही ताडून पाहिलं नाही.