तेल की दूध?

हैदराबादेत प्रयोगशाळेचे शिक्षण पुरे करून मी जालन्याला डॉक्टर माधवरावांच्या दवाखान्यात प्रथम गेले, तेव्हा त्यांनी माझी सनद पाहिली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एक काच ठेवली आणि काय दिसते ते विचारले. नक्की सांगता येत नाही, असे मी म्हणाले. उद्यापासून या, असे ते म्हणाले. त्यांना माझ्या उत्तरात काय आवडले, ते मला कळले नाही.

आता त्यांची साठी होत आहे आणि त्यांच्या संशोधनावर मी लिहावे, असे गौरव समितीने कळवले आहे. त्या संशोधनाचा निष्कर्ष मला माहीत नाही. जे पाहिले तेवढे लिहिते.

ताप नाही, कफात जंतू नाहीत, तरी काही तान्ही मुले महिनोन् महिने धापा का टाकतात, हा डॉक्टरसाहेबांचा प्रश्न होता. अशा मुलांच्या घशातून बारीक नळीने काढलेला कफ मी तपासत असे. त्यात स्निग्ध थेंबांनी भरलेल्या पेशी दिसू लागल्या. भिंगाला लावायचे तेल सांडले असेल, असे समजून मी काच बदलली. थेंब तसेच होते. न्हाऊ घातल्यावर आपल्याकडे बाळाच्या नाकात करडीचे तेल सोडतात. ते फुप्फुसात उतरत असावे, असे डॉक्टरसाहेबांना वाटले. पण आडवे धरून पाजलेले दूध ठसक्याने आत गेले, तरी असेच थेंब दिसतील, हेही तेच म्हणाले. बाहेरचे डॉक्टर येऊन याविषयी विचारत, तेव्हा ते माझ्याकडे बोट दाखवत. तपासणी बाईंनी केली आहे, त्यांनाच विचारा, असे सांगत.

हसनाबादच्या एका शेतकरी घरातली सून मूल घेऊन आली. तिची आधीची दोन मुले अशीच धाप लागून गेली होती. या तिसऱ्याच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडत होता. सोबत सासू गिरजाबाई होत्या. तिन्ही नातवंडांना त्यांनीच न्हाऊ घातले होते.

डॉक्टरसाहेबांनी नाकात तेल सोडणे बंद करायला सांगितले, आणि पाजताना डोके उंच धरायलाही. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही, असे मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले.

“बराबर आहे,” ते म्हणाले. “पण बाई, मूल एकच आहे.”

गिरजाबाई ऐकेनात. आपल्या चारही पोरांची नाके आपण अशीच मोकळी केली, त्यातला थोरला आता बैलालाही दमवतो, असे त्यांनी सुनावले. मग एकदम थांबल्या.

“मंग त्या दोघांना बी माझ्याच हातानं झालं का, डाक्टरसाब?”

“नाही, गिरजाबाई. ह्या एकाच्याच नाकाला तेल चालत नाही.”

त्या गेल्यावर, हे खरे नव्हे, असे मी म्हणाले.

“तेल की दूध, ते मला ठाऊक नाही,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “ठाऊक नसताना दोन मरणं तिच्या हातावर कशी ठेवू?”

घरी दोन्ही बदल झाले आणि मूल वाचले. कशामुळे, ते सांगता येत नाही. डॉक्टरसाहेब शंका होती म्हणून तसे बोलले की दया आली म्हणून, हेही मी ठरवू शकलेले नाही.

परवा गिरजाबाई शेजारणीची नात घेऊन आल्या. मुलीला साधा खोकलाही नव्हता. “हिच्या नाकाला तेल चालतं का न्हाई, तेवढं बघा,” त्या म्हणाल्या. “आमच्या गल्लीत बऱ्याच लेकरांना चालत न्हाई.” डॉक्टरसाहेबांनी ते नाक गंभीरपणे तपासले आणि हिलाही चालत नाही, असे सांगितले. याला संशोधन म्हणावे का, मला माहीत नाही. त्या मुलीची छाती मी ऐकली. ती स्वच्छ होती.

डॉक्टरसाहेबांची प्रकृती उत्तम राहो, आणि तेल की दूध हे ठरेपर्यंत त्यांना आयुष्य लाभो. ते ठरले, की गिरजाबाईंना काय सांगायचे, हे ठरवायलाही ते हवेत. ते काम मला जमणार नाही.