एवढंच दाखव

माझा दादा संशयी आहे. दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानात वाचतो, घरी येऊन पुन्हा वाचतो. कुलूप लावलं की ते दोनदा ओढतो. "अरे, तुटेल ते," मी म्हणायचे. "तुटलं तर कळेल ना, कच्चं होतं," तो म्हणायचा. अशा माणसापुढे काय बोलणार, कप्पाळ! नवऱ्याला सोडून मी लेकीसह त्याच्याकडे आले, तेव्हा मात्र त्याने मला एका शब्दाने काही विचारलं नाही. फक्त दारावरची नावाची पाटी काढून टाकली.

दादा सॉफ्टवेअर लिहितो. शहरभर शाखा असलेल्या मुलांच्या एका दवाखान्याच्या ॲपला जोडलेलं प्लगइन, म्हणजे वरून बसवलेला छोटा प्रोग्रॅम, त्याच्याकडे होतं. मुलाच्या फोटोवर बोट ठेवलं की कार्ड उघडायचं: नाव, रक्तगट, लशींच्या तारखा. आतल्या नोंदीत आणखी बरंच काही असायचं. त्यातलं बाहेर काय दिसावं, ते दादा ठरवायचा. त्याची रीत एकच. "मी ज्या गोष्टींची नावं दिलीत तेवढंच दाखव. बाकी काहीही येवो, झाकलेलं." ऑफिसात त्याला 'झाकण' म्हणायचे.

माझ्या लेकीला दमा आहे आणि तिचे उपचार त्याच दवाखान्यात चालतात. तिचं कार्ड तिच्या बापाच्या फोनवरही उघडायचं. ते बंद करायला दवाखान्याला आम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या. म्हणजे ज्याला बाहेर ठेवायचं, त्याचीच परवानगी! माझं डोकंच फिरलं. दादा म्हणाला, "बघू दे त्याला रक्तगट. पत्ता तर दिसत नाही ना?"

मग दादाच्या साहेबांनी ती रीत उलटी करायला लावली. जरा काही नवीन दाखवायचं म्हटलं की झाकणाचे पाय धरावे लागतात, असं दवाखान्याचं गाऱ्हाणं होतं. आता लपवायच्या गोष्टींची नावं द्यायची, उरलेलं आपोआप दिसणार. दादा भांडला आणि हरला. त्या रात्री जेवला नाही.

"उद्या कोणी नवीन काही जोडलं, तर त्याचं नाव माझ्याकडे कुठून असणार?"

"सगळ्यांवर संशय घेऊन जगता येत नाही, दादा," मी वैतागून म्हणाले.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या पासवर्डने भाचीचं कार्ड उघडून बघायचा. एका सोमवारी त्यावर नवी ओळ होती. दवाखान्याने आदल्या शनिवारी औषधं घरपोच द्यायला सुरुवात केली होती. 'औषधं पोचवण्याचा पत्ता', आणि पुढे आमचं घर, मजल्यासकट.

ती ओळ झाकता झाकता तीन वाजले, मग दादा थेट घरी आला. धापा टाकत होता.

"कार्डावर आपला पत्ता दिसत होता. कोणी आलं होतं का?"

"कोणी नाही. सकाळी गॅसची नळी तपासायला एकजण आला होता, तेवढाच. बोलायला चांगला होता."

"काय विचारलं त्याने?"

"घरात कोण कोण असतं, लहान मूल आहे का..."

"तू काय सांगितलंस?"

मी सगळं खरं सांगितलं होतं. मुलगी चारला कोपऱ्यावर बसमधून उतरते, एकटीच चालत येते, हेसुद्धा. कौतुकाने सांगितलं होतं.

तो खरोखर गॅसचाच माणूस असेल, तिच्या बापाने धाडलेला नसेल, असं मी म्हणायला गेले, पण माझाच त्यावर विश्वास बसेना. चार वाजायला आले होते. दादा जिना उतरत होता आणि दार उघडं टाकून मी त्याच्यामागे धावले.